कमी दाबाचा सूर : कुंभकोणम परिसरातील नागस्वरम आणि त्याची जिव्हाळी

हवेच्या दाबावर चालणारी साधने मनुष्याने फार पूर्वीपासून बनविली आहेत. लोहाराचा भाता, बाजाची पेटी, सनई, रंग फवारणारी पिचकारी, मोटारीच्या चाकात हवा भरणारा पंप ही सर्व एकाच कुळातील साधने होत. त्यांच्या बाबतीत कारागिराला दोन प्रश्न नेहमी पडतात. हे साधन नीट चालण्यासाठी कमीत कमी किती दाब लागेल? आणि दाब त्याहून कमी करावयाचा असेल, तर साधनाच्या कोणत्या भागात कोणता बदल करावा लागेल? दाब जितका अधिक, तितकी झीज अधिक, गळती अधिक आणि चालविणाऱ्याचे श्रमही अधिक. परंतु दाब नुसताच उतरविला, तर साधन मुळीच चालत नाही, किंवा वेडेवाकडे चालते.

वाद्याच्या बाबतीत या प्रश्नांना आणखी एक बाजू आहे. तेथे पंपाची जागा माणसाच्या छातीने घेतलेली असते. तमिळनाडूतील नागस्वरम हे वाद्य या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. कुंभकोणमच्या आसपासचा कावेरीकाठ हे या वाद्याचे माहेरघर होय. कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या वाटेवरील नरसिंगमपेट्टै या गावी वाद्याची नळी घडविली जाते. तेथील नागस्वरमला २०२२ साली भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. त्याच बाजूला असलेले तिरुवावडुतुरै हे गाव शैव मठासाठी प्रसिद्ध आहे, तसेच नागस्वरमची जिव्हाळी बनविण्यासाठीही. नळी एका गावची आणि जिव्हाळी दुसऱ्या गावची, अशी ही वाटणी आहे. पुढील विवेचनावरून दिसून येईल की, वाद्य किती दाबावर बोलेल हे ठरविण्यात जिव्हाळीचा वाटा सर्वांत मोठा असतो.

वाद्याची रचना

मराठी वाचकांना सनई परिचित असल्यामुळे नागस्वरमची रचना समजणे कठीण जाणार नाही. दोन्ही वाद्ये दुहेरी जिव्हाळीची आहेत आणि दोहोंची पोकळी वर अरुंद व खाली रुंद होत जाणारी, म्हणजे शंकूच्या आकाराची असते. नागस्वरम मात्र सनईहून बरेच लांब असते. त्याची नळी परंपरेने ‘आच्चा’ या झाडाच्या लाकडाची करतात. महाराष्ट्रात ज्याला अंजन म्हणतात, तोच हा वृक्ष. नवे लाकूड वाळताना वाकते व तडकते, म्हणून जुनी घरे पाडल्यावर मिळणारे खांब आणि तुळया कारागीर पसंत करतात. अनेक दशके छपराखाली मुरलेल्या लाकडात ओलाव्यामुळे होणारी हालचाल फारच थोडी उरलेली असते.

नळीच्या खालच्या टोकाला कर्णा बसविलेला असतो. वरच्या टोकाला ‘केंडै’ नावाची धातूची छोटी नळी असते आणि तिच्यावर जिव्हाळी बसते. जिव्हाळीला तमिळमध्ये ‘सीवाळी’ म्हणतात. नळीवर बोटांसाठी सात छिद्रे असतात. त्याशिवाय खालच्या भागात आणखी पाच छिद्रे असतात. ती मेणाने कमीअधिक बुजवून स्वराची जुळणी केली जाते. वाद्याला दोऱ्याने बांधलेल्या काही जादा जिव्हाळ्या आणि एक बारीक सुई नेहमी लोंबत असते. ही सुई पूर्वी हस्तिदंताची किंवा शिंगाची करीत. जिव्हाळीत साचलेली लाळ व कचरा काढून हवेची वाट मोकळी करणे हे तिचे काम. पाहणाऱ्याला हा सारा लवाजमा शोभेचा वाटतो. वस्तुतः ती वादकाची दुरुस्तीची पेटीच होय.

नागस्वरमचे दोन प्रमुख प्रकार आहेत. ‘तिमिरी’ हे आखूड व चढ्या पट्टीचे वाद्य, तर ‘बारी’ हे लांब व खालच्या पट्टीचे. तिमिरीचा षड्ज साधारणपणे पांढरी चार ते पांढरी पाचच्या आसपास, तर बारीचा पांढरी दोन ते काळी दोनच्या आसपास असतो. मंदिराच्या मिरवणुकीत, उघड्यावर, तविलच्या प्रचंड नादाबरोबर दूरवर ऐकू जावे यासाठी तिमिरी योग्य होती. पुढे मैफलीचे सभागृह आले, ध्वनिवर्धक आला आणि खालच्या पट्टीकडे ओढा वाढला. तिरुवावडुतुरैचे थोर वादक टी. एन. राजरत्नम पिळ्ळै (१८९८–१९५६) यांच्या मार्गदर्शनाखाली नरसिंगमपेट्टैचे कारागीर रंगनाथन आचारी यांनी १९५५ साली असे बारी नागस्वरम सिद्ध केले, की ज्यावर शुद्ध मध्यम सहज व खरा वाजू शकत होता. तोपर्यंत हा स्वर बोटांच्या व फुंकीच्या कसरतीने काढावा लागे. आज मैफलीत ऐकू येणारे नागस्वरम बहुतांशी या परंपरेतील आहे.

दाब कशाला म्हणावे?

दाब मोजण्याचे एक सोपे माप पाण्याच्या स्तंभाचे आहे. इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची पारदर्शक नळी घेऊन तिच्यात निम्म्यापर्यंत पाणी भरावे व एका टोकातून फुंकावे. दुसऱ्या बाजूचे पाणी वर चढते. दोन पातळ्यांमधील फरक जितके सेंटिमीटर, तितका आपल्या फुंकीचा दाब. सामान्य बोलण्यासाठी फुप्फुसांतील हवेला ५ ते १० सेंटिमीटर इतकाच दाब पुरतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदातील ओबो हे वाद्यही दुहेरी जिव्हाळीचे आहे. त्याला सुमारे ४० ते १२० सेंटिमीटर दाब लागतो, असे प्रत्यक्ष मोजमापांत आढळले आहे. निरोगी प्रौढ पुरुष सर्व शक्ती लावून काही क्षण १०० ते १५० सेंटिमीटरपर्यंत दाब निर्माण करू शकतो. म्हणजे अशा वाद्याचा वादक कधी कधी आपल्या शारीरिक मर्यादेच्या अगदी जवळ काम करीत असतो, आणि ते क्षणभर नव्हे, तर तासन्‌तास.

या श्रमांचे परिणाम शरीरावर होतात. चढ्या दाबाची वाद्ये वाजविताना डोळ्यांतील दाबही तात्पुरता वाढतो, असे वैद्यकीय निरीक्षण आहे. उतारवयातील वादकाला, नुकत्याच शिकू लागलेल्या मुलाला किंवा लहान चणीच्या विद्यार्थिनीला ताठ जिव्हाळी दिली, तर स्वरज्ञान असूनही सूर लागत नाही. दोष जिव्हाळीचा असतो, पण ठपका शिकणाऱ्यावर येतो. मदुरैच्या एम. एस. पोन्नुत्ताय यांच्यासारख्या स्त्रियांनी हे वाद्य गाजविले आहे. तेव्हा ते केवळ पुरुषांच्या छातीचे वाद्य आहे, ही समजूत टिकणारी नाही. जिव्हाळीची जुळणी वाजविणाऱ्याच्या श्वासाप्रमाणे केली पाहिजे, इतकाच त्याचा अर्थ.

दाब आणि आकारमान

कमी दाबावर तेवढेच काम करून घेता येईल काय? याचे उत्तर समजण्यासाठी संगीतापासून दूर असलेले एक उदाहरण घेऊ. ‘पेंटबॉल’ नावाच्या खेळात रंगाने भरलेल्या गोळ्या हवेच्या दाबाने उडविणारे एक साधन वापरतात. त्याला मार्कर, म्हणजे खूण करणारे साधन, असे म्हणतात. कारण ते मुळात झाडांवर व गुरांवर दुरून खुणा करण्यासाठी बनविले गेले. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात १९८१ साली त्याचा प्रथम खेळ म्हणून उपयोग झाला. गोळीचा व्यास सुमारे १७ मिलिमीटर व वजन सुमारे ३ ग्रॅम असते, आणि वेग सेकंदाला ९० मीटरच्या पलीकडे जाऊ देत नाहीत. हिशेब केल्यास या गोळीला सुमारे १२ जूल ऊर्जा लागते.

ही ऊर्जा हवेने नळीत गोळी ढकलून द्यावयाची. घर्षण आणि गळती सोडून दिल्यास, २० सेंटिमीटर अंतरात हे काम करण्यासाठी सरासरी अडीच-पावणेतीन वातावरणे एवढा दाब पुरतो. तेच काम १० सेंटिमीटर अंतरात उरकावयाचे म्हटले, तर दुप्पट दाब हवा. कार्बन डायॉक्साइडच्या बाटलीतील दाब मात्र नेहमीच्या तापमानाला पन्नासहून अधिक वातावरणांचा असतो. म्हणून बाटली आणि मार्कर यांच्यामध्ये दाब-नियंत्रक बसवितात आणि झडपेमागील कोठीचे आकारमान वाढवितात, म्हणजे उतरलेल्या दाबाची पण अधिक हवा गोळीमागे जाते. ज्याने कोठी व झडप न बदलता केवळ नियंत्रक पिळून दाब उतरविला, त्याची गोळी जवळच पडते. ती जवळ पडते म्हणून तो पुन्हा दाब चढवितो, आणि दोष कोठे आहे हे त्याला कधीच कळत नाही.

यातून निघणारे तत्त्व सर्व वायुसाधनांना लागू पडते. एका सेकंदात हवेने पुरविलेली शक्ती म्हणजे दाब व प्रवाह यांचा गुणाकार होय. दाब घटवावयाचा असेल, तर प्रवाहाची वाट रुंद केली पाहिजे; नाही तर काम घटल्यावाचून राहत नाही. नागस्वरममध्ये ही वाट म्हणजे जिव्हाळीच्या दोन पात्यांमधील फट.

जिव्हाळी : एक उलटी झडप

नळाची तोटी जितकी उघडावी तितके पाणी अधिक येते. जिव्हाळीचे वागणे निराळे आहे. वादक फुंकतो तेव्हा तोंडातील दाब पात्यांना बाहेरून दाबतो आणि फट अरुंद करतो. म्हणजे दाब एकीकडे हवेला आत ढकलतो आणि दुसरीकडे तिची वाट बंद करतो. दाब हळूहळू वाढवीत गेल्यास एक क्षण असा येतो, की पाती पूर्ण मिटतात व हवा थांबते. या दाबाला आपण ‘मिटण्याचा दाब’ म्हणू. पात्यांचा ताठपणा आणि फटीची मूळ उंची या दोहोंवर तो अवलंबून असतो.

आदर्श जिव्हाळी कल्पून गणित केले, तर असे दिसते : दाब मिटण्याच्या दाबाच्या एक दशांश असताना, कमाल प्रवाहाच्या शेकडा ७४ इतकी हवा जाते. दाब एक तृतीयांशावर आला म्हणजे प्रवाह कमाल, म्हणजे शंभर होतो. निम्म्यावर तो ९२, पाऊणावर ५६ आणि शेवटी शून्य. एक तृतीयांशाच्या पुढे दाब वाढविला, तर प्रवाह घटू लागतो, ही यातील महत्त्वाची गोष्ट आहे. सूर जन्माला येतो तो याच प्रदेशात. नळीतील हवेच्या प्रत्येक आंदोलनाला जिव्हाळी योग्य क्षणी टेकू देते आणि आंदोलन मावळत नाही. या सीमेच्या खाली नुसती फुसफुस ऐकू येते. प्रत्यक्षात नळीत ऊर्जेचा व्यय होत असल्यामुळे ही सीमा एक तृतीयांशाच्या थोडी वर असते.

समजा, एका जिव्हाळीचा मिटण्याचा दाब ९० सेंटिमीटर आहे. तिला बोलते करण्यास किमान ३० सेंटिमीटरहून थोडा अधिक दाब लागेल. मिटण्याचा दाब ६० वर आणला, तर २० च्या थोडे वर काम सुरू होईल. वादकाचे एक तृतीयांश श्रम वाचले. आता हा दाब उतरविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, फटीची उंची दोन तृतीयांश करणे. दुसरा, उंची तीच ठेवून पाती तासून ताठपणा दोन तृतीयांश करणे. पहिल्या मार्गाने कमाल प्रवाह मूळच्या शेकडा ५४ वर येतो. दुसऱ्या मार्गाने तो शेकडा ८२ राहतो. शक्तीच्या भाषेत सांगावयाचे, तर पहिल्या मार्गात मूळच्या केवळ ३६ टक्के उरते, दुसऱ्यात ५४ टक्के. फट दाबून बसविलेले वाद्य हलके वाजते, पण त्याचा आवाज बारीक व कोंडलेला का येतो, याचा उलगडा येथे होतो. दुसऱ्या मार्गाबरोबरच पात्यांची रुंदी सुमारे एक पंचमांशाने वाढविली, तर प्रवाह जवळजवळ पूर्ववत होतो. रुंद व मऊ जिव्हाळी हे कमी दाबाचे खरे साधन होय.

किंमत कोठे द्यावी लागते?

कोणताही लाभ फुकट मिळत नाही. मऊ पाती दाबाखाली अधिक हलतात, आणि नळीतील हवेला जणू तेथे थोडी जास्त पोकळी लाभल्यासारखे होते. ताठपणा दोन तृतीयांश केला, तर हा भास दीडपट होतो. परिणामी पट्टी उतरते. शिवाय शंकूच्या आकाराच्या नळीला एक विशेष अट पाळावी लागते. शंकूचे टोक कापून तेथे जिव्हाळी बसविलेली असते. केंडै, जिव्हाळीची पोकळी आणि पात्यांच्या हालचालीमुळे भासणारी पोकळी या सर्वांची बेरीज कापलेल्या टोकाच्या आकारमानाइतकी असली, तरच मध्य व तार सप्तक एकमेकांशी जुळतात. बेरीज जास्त झाली, तर तार सप्तक उतरते. कमी झाली, तर चढते.

आखूड तिमिरीवर रुंद, मऊ जिव्हाळी का मानवत नाही आणि लांब बारीवर ती का शोभते, याचे एक कारण येथे मिळते. राजरत्नम पिळ्ळै यांच्या काळात बारी घडली ती पट्टी व मध्यमाच्या सोयीसाठी. श्रम वाचविणे हा तिचा घोषित हेतू नव्हता. तथापि, खालच्या पट्टीचे वाद्य मोठी व सौम्य जिव्हाळी सामावून घेते, हा तिचा गुणच आहे. त्याबदली वादकाला हवा अधिक पुरवावी लागते, म्हणजे श्वास वारंवार घ्यावा लागतो.

दुसरी किंमत अधिक नाजूक आहे. बासरीत अर्धे छिद्र उघडून जे सूक्ष्म स्वर काढतात, ते नागस्वरममध्ये बहुतांशी फुंकीचा दाब कमीअधिक करून काढले जातात. तोडीसारख्या रागातील गमके या चढउतारावर उभी असतात. सूर सुरू होण्याची सीमा आणि पाती मिटण्याची सीमा यांच्यामधला प्रदेश हेच वादकाचे मैदान. मिटण्याचा दाब उतरविला, की हे मैदानही त्याच प्रमाणात आखडते. ३० ते ९० यांमध्ये ६० सेंटिमीटरांची जागा होती. २० ते ६० यांमध्ये ती ४० उरली. बोटांना जी चूक पूर्वी खपत असे, ती आता ऐकू येते. म्हणून दाब किती उतरवावा, याचे उत्तर वादकागणिक वेगळे असते. नवशिक्याला सूर लागण्याची सोय हवी असते, प्रौढ वादकाला गमकाची ऐसपैस जागा हवी असते. आणि दोघांच्या जिव्हाळ्या एकसारख्या असू शकत नाहीत.

दोष शोधण्याचा क्रम

वाद्य जड वाजू लागले, की पात्यांना हात घालण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे, कारण तासलेला भाग पुन्हा जोडता येत नाही. जो बदल परत फिरविता येतो तो आधी करावा, आणि जो परत फिरविता येत नाही तो शेवटी. हा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येईल.

१. गळती : जिव्हाळी काढून ठेवावी. खालची पाच छिद्रे मेणाने पूर्ण बंद करावीत, कर्ण्याकडील तोंड ओल्या फडक्याने व तळव्याने झाकावे, सात छिद्रांवर बोटे ठेवावीत आणि वरून दुसऱ्याने हलकेच फुंकावे. ओला गाल नळीच्या जवळून फिरविला, की बारीक चिरेतून येणारी हवा तत्काळ जाणवते. केंडै आणि नळी यांच्या सांध्यातील गळती सर्वांत घातक असते; कारण तेथे हवेच्या आंदोलनाचा दाब सर्वाधिक असतो. सैल झालेल्या दोऱ्याचे वेढे बदलून सांधा घट्ट केल्याने पुष्कळदा जड वाद्य हलके होते.

२. वाट : केंडैमध्ये साचलेला मळ आणि जिव्हाळीतील लाळ सुईने काढावी. सुरुवातीला हलके असलेले वाद्य अर्ध्या तासाने जड होत असेल, तर पात्यांनी ओलावा जास्त शोषला असे समजावे व दुसरी जिव्हाळी लावावी. याउलट, वातानुकूलित सभागृहात पाती वाळून ताठ होतात. तेथे ती अधिक वेळ भिजवावी लागतात. पावसाळी कावेरीकाठी जुळविलेली जिव्हाळी कोरड्या गावी त्याच दाबावर बोलेल, अशी अपेक्षा धरू नये.

३. फट : सूर लागण्यास फार जोर लागतो आणि लागला म्हणजे एकदम मोठा लागतो, अशा वेळी फट प्रमाणाबाहेर उघडी असते. जिव्हाळी भिजवून बोटांच्या चिमटीत हलकेच दाबावी. याउलट, थोडे जोरात फुंकताच आवाज गुदमरतो, तेव्हा फट मिटत आलेली असते. सुईने ती जपून उघडावी. ओल्या पात्यांना दिलेला आकार वाळल्यावर थोडा मागे सरतो, हे ध्यानात ठेवावे.

४. सप्तकांचा मेळ : मध्य सप्तक खरे आणि तार सप्तक उतरलेले असेल, तर जिव्हाळी वाद्याच्या मानाने मऊ किंवा मोठी आहे. ती केंडैवर थोडी आत सरकवून पाहावी. तार सप्तक चढत असेल, तर ती ताठ किंवा लहान आहे. थोडी बाहेर ओढून पाहावी. एखादाच स्वर बेसूर असेल, तर जिव्हाळीला दोष देऊ नये. छिद्राच्या काठावरचा मळ, चीर किंवा खालच्या छिद्रांतील मेण तपासावे.

५. तासणे : वरील चारही उपायांनी भागले नाही, तरच पाती तासावीत. दोन्ही पात्यांवर सारखे, अगदी थोडे, आणि प्रत्येक वेळी भिजवून व वाजवून पाहिल्यावरच पुढे जावे. एक पाते जाड व दुसरे पातळ राहिले, तर ती एकत्र मिटत नाहीत आणि आवाजात घरघर येते.

प्रत्येक टप्प्यावर पाण्याच्या नळीने दाब मोजून ठेवला, तर ‘हलके’ व ‘जड’ या शब्दांना आकड्याचा आधार मिळतो. एक बारीक नळी ओठांच्या कोपऱ्यातून तोंडात घेऊन तिचे दुसरे टोक दाबमापकाला जोडले, की वाजवितानाच मोजमाप करता येते. षड्ज हळूहळू फुंकत ज्या दाबाला सूर उमटतो तो आकडा, आणि जोर वाढवीत ज्या दाबाला तो गुदमरतो तो आकडा, हे दोन लिहून ठेवले म्हणजे त्या जिव्हाळीची ओळख पटली. पाच रुपयांच्या वहीतही अशी नोंद ठेवता येते, आणि शिक्षकाला ती वर्षभराच्या अनुमानापेक्षा अधिक उपयोगी पडते.

दोन गावांचे ज्ञान

तिरुवावडुतुरैच्या कारागिराजवळ दाबमापक नसतो. कावेरी व कोळ्ळिडम यांच्या काठी वाढणाऱ्या बोरूसारख्या गवताचे कांडे तो हातात घेतो, त्याची जाडी, वय व वाळण्याची अवस्था पाहतो, पुष्कळ काळ मुरू देतो आणि मग त्यातून पाती घडवितो. ज्या गोष्टी वर गणिताने मांडल्या, त्या तो बोटांनी व कानांनी जाणतो. कोणत्या वादकाला कोणत्या ताठपणाची जिव्हाळी हवी, हे त्याला ठाऊक असते. गणित त्याच्या ज्ञानाची जागा घेऊ शकत नाही. ते ज्ञान एका गावाबाहेर व एका पिढीपलीकडे पोचविण्यास मात्र गणिताची मदत होते.

ही मदत आज आवश्यक झाली आहे. जिव्हाळी ही अल्पायुषी वस्तू आहे. वादकाला ती सतत नवी लागते. नदीकाठचे गवत घटले, किंवा ते ओळखणारी माणसे घटली, तर उत्तम नळी असूनही वाद्य मुके होते. नळी शंभर वर्षे टिकू शकेल. तिला बोलविणारे पाते महिन्यांच्या हिशेबाने झिजते. वाद्याचे जतन म्हणजे काचेच्या कपाटातील नळीचे जतन नव्हे. गवत, कारागीर, वादकाचा श्वास आणि त्यांना जोडणारी जुळणी या साऱ्यांचे जतन झाले, तरच वाद्य जतन झाले असे म्हणता येईल.

मराठी वाचकांना हा प्रदेश सर्वस्वी परका नाही. १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरला भोसले घराण्याची सत्ता होती, आणि कुंभकोणमच्या परिसरातील भजनपरंपरेत मराठी अभंगांना आजही स्थान आहे. कावेरीकाठचे हे वाद्य शिकण्यासाठी दूरदूरची माणसे आली. आंध्रमधील शेख चिन्न मौलाना (१९२४–१९९९) यांनी कुंभकोणमजवळील नाच्चियारकोविलच्या राजम–दुरैक्कण्णु बंधूंकडे तंजावर शैली आत्मसात केली आणि पुढे ते तिचे अग्रगण्य वादक झाले. धर्म, भाषा व प्रांत यांच्या सीमा या वाद्याने ओलांडल्या आहेत. शरीरबळाची सीमा ओलांडणे त्या मानाने सोपे आहे. त्यासाठी नवा शोध लागत नाही. शिकणाऱ्याच्या हाती वाद्य देण्यापूर्वी त्याचा श्वास पाहावा, त्याला साजेशी रुंद व सौम्य जिव्हाळी निवडावी, आणि छाती बळावत जाईल तसा तिचा ताठपणा वाढवीत न्यावा, एवढे पुरे आहे. दाब कमी करण्याची ही कला म्हणजे वाद्याशी केलेली तडजोड नव्हे. वाद्य आणि माणूस यांची ती जुळणीच होय.